सहीची कोरी जागा

दिग्रसच्या इकबाल मिस्त्रीला विजेच्या मोटारीचं वाइंडिंग डोळे मिटून जमायचं, पण अक्षर लिहिता येत नव्हतं. कोणत्या मोटारीला तारेचे किती वेढे घातले, ते त्याची बायको जैबुनबी वहीत लिहायची आणि खाली त्याच्या सहीची जागा कोरी सोडायची.

"शिकीन ना कधीतरी," तो म्हणायचा.

"रोजा धरायची नीयत 'कधीतरी धरीन' म्हणून करता काय? दिवस सांगा."

बारा वर्षं त्याने दिवस सांगितला नाही. मग तिला कावीळ झाली आणि ती गेली.

दफन करून आल्यावर तो मुलीला म्हणाला, "फरहा, चाळिसाव्या दिवसापर्यंत मले माहं नाव लिहिता आलं पाह्यजे."

"इतकी काय घाई हाय, अब्बा?"

"घाई नाही. दिवस सांगून राह्यलो."

चाळिसाव्या दिवशी तिच्या नावाची फातिहा झाली, पाहुणे गेले. जैबुनबीने वहीत लिहिलेल्या शेवटच्या नोंदीखाली त्याने हळूहळू 'इकबाल' लिहिलं. अक्षरं वाकडी होती, पण फरहाला वाचता आली.

"मागच्या पानांवर पण सही करा ना."

"नाही बेटा. तवा ती पाहाले होती, मी केली नाही."

त्याने वही मिटली.