नळाची हाक

माधव नगरच्या त्या गल्लीत एक दिवसाआड पाणी यायचं, आणि भय्यासाहेबांचा तो सण असायचा. धुतलेला बनियन घालायचा, चिंच लावून तांब्याचा हंडा लख्ख करायचा, पहिला तांब्या तुळशीला द्यायचा आणि मग फाटकात उभं राहून गल्लीभर ओरडायचं, "नल आ गएऽऽ!" समोरून तिवारीजी उत्तर द्यायचे, "आ गए, भैया, आ गए!" बायको मंगलाताई चिडवायच्या, "महाकाळाची आरती चुकेल एखादवेळी, पण तुमची ही नळाची आरती चुकायची नाही."

फाल्गुनात भय्यासाहेब गेले. मंगलाताई रडल्या नाहीत. लोक म्हणाले, बाई मोठी धीराची. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं, आणि त्याचीच त्यांना धास्ती बसली होती. इतक्या वर्षांच्या माणसासाठी डोळ्यांत टिपूस येऊ नये?

पुण्याहून अमृता फोनवर सांगायची, "आई, कामं जरा मजेत कर. गाणी लाव, उदबत्ती लाव." त्यांनी मुकाट्याने तेही केलं. हंडा घासला, उदबत्ती लावली, रेडिओ लावला. हंडा चकाकला, बस.

एके सकाळी शेजारची जयू रिकामी बादली घेऊन आली. "काकू, कल फिर पाणी चुकलं हो. काका हाक मारायचे ना, आम्ही कुणी घड्याळ बघतच नव्हतो."

पुढच्या खेपेला नळ फुसफुसला. मंगलाताईंनी पहिला तांब्या तुळशीला घातला, नळाखाली हंडा लावला आणि त्या फाटकाशी गेल्या. तोंड उघडलं, आवाज फुटेना. बाईमाणसाने असं ओरडायचं? मग जयूची बादली आठवली.

"नल आ गएऽऽ!"

दारं उघडली, पाण्याच्या मोटारी घरघरल्या. समोर तिवारीजींनी पाठमोऱ्यानेच, सवयीने उत्तर दिलं, "आ गए, भैया, आ गए!"

बोलून गेल्यावर म्हातारा दचकून वळला. त्याने हात जोडले.

मंगलाताई कशाबशा नळापाशी परतल्या. हंडा भरून वाहत होता. भय्यासाहेबांनी तो कधी वाहू दिला नव्हता. मंगलाताईंनी नळाखाली बादली सरकवली, त्या तिथेच ओल्या फरशीवर बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या.

पाणी जाईपर्यंत त्या रडत होत्या, आणि एकीकडे भांडी भरत होत्या.