तिसरा सोपा प्रश्न

सफरचंदांचा प्रश्न पडद्यावर आला आणि धाकटी हबकली.

प्रश्न असा होता: एका खोक्यात बारा सफरचंदं, अशी पाच खोकी, तर एकूण सफरचंदं किती? बस. पुढे काही नाही, मागे काही नाही. चौथीतलं पोरसुद्धा बोटं न मोजता सांगेल. आणि ही बाई तर गेली सहा वर्षं शीतगृहात पाळीप्रमुख होती; दिवसाला दोन-दोन हजार खोकी तिच्या सहीने आत जायची आणि बाहेर यायची. साठ! झोपेतून उठवून विचारलं असतं तरी साठच म्हणाली असती. पण ती उत्तर दाबेना. माउसवरचं बोट तसंच राहिलं. उणे दोन अंशांच्या खोलीत जाकिटाशिवाय उभी राहणारी बाई, आणि इथे चांगल्या उबदार खोलीत तिचे दात वाजायला लागले.

आता कोणी म्हणेल, सोपा प्रश्न आला तर माणूस हसतो, ही रडतेय कशाला? तर या परीक्षेची रीतच उफराटी. व्यवस्थापनाच्या मोठ्या कॉलेजात शिरायची ही परीक्षा संगणकावर होते आणि संगणक माणसाला जोखत जातो. तुमचं उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड. चुकलं की पुढचा सोपा. अवघड प्रश्नांना गुण भारी, सोप्यांना कवडीमोल. म्हणजे डोकं फुटायची वेळ आली तर समजायचं, चाललंय छान. आणि हायसं वाटलं तर समजायचं, बुडालो. मागे जाऊन उत्तर बदलायची सोय नाही. असली परीक्षा कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली देव जाणे!

हे सगळं तिला शिकवलं होतं दादाने. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. चौकातल्या किराणा दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याची शिकवणी चालायची. अकरा वर्षं त्याने याच एका परीक्षेला मुलं बसवली आणि त्यातली कितीतरी पार केली. स्वतःही तो एकदाच बसला होता. "थोडक्यात हुकलं," एवढंच घरात ठाऊक. कितीने हुकलं विचारलं की म्हणायचा, "गेलेल्या गाडीचा नंबर कशाला हवा तुला?"

त्याचा एक नियम होता, फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला, कधीच न पुसलेला: तीन सोपे आले की रद्द.

कारण परीक्षा संपल्यावर, गुण दिसायच्या आधी, संगणक विचारतो: गुण ठेवायचे की परीक्षा रद्द करायची? ठेवले तर जे असतील ते पाच वर्षं प्रत्येक कॉलेजला दिसतात. वाईट असले तर कोणी दारात उभं करत नाही. रद्द केली तर कोणालाच काही कळत नाही, अगदी तुम्हांलाही नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं.

"पण तीनच का? चार का नाही?" धाकटीने एकदा विचारलं होतं.

"अनुभव आहे माझा," दादा म्हणाला आणि फडक्याने फळा पुसायला लागला, तो कोपरा सोडून.

धाकटीला हवे होते सहाशे ऐंशी. कॉलेजने तिची शीतगृहातली सहा वर्षं पाहून जागा राखली होती. पत्रात साफ लिहिलं होतं: शुक्रवारपर्यंत सहाशे ऐंशी गुण दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. आज बुधवार. वय बत्तीस. आज गुण कमी पडले तर पाच वर्षं दार बंद, म्हणजे सदतीस. आणि सदतिसाव्या वर्षी तिला कोण घेतंय!

तर अशी ती सफरचंदांसमोर बसली होती. हा एकोणिसावा प्रश्न होता आणि एकूण छत्तीस. मनात आलं, यात नक्की गोम आहे. खोकी पाच आहेत की पाचांपैकी एक रिकामं? बारा म्हणजे धरून की सोडून? तिने प्रश्न सात वेळा वाचला, शब्द न् शब्द उलटासुलटा केला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगीच नाही. पर्यवेक्षक बाई मऊ बुटांनी मागून गेल्या तर हिला वाटलं, त्यांनाही कळलं, ही बुडाली म्हणून. घड्याळाकडे पाहिलं आणि जीव कळवळला: एका प्रश्नाला दोन मिनिटं हिशेबाने मिळायची, हिने साठ म्हणायला साडेपाच घालवली होती.

शेवटी दाबलं साठ.

पुढचे तीन प्रश्न महाभयंकर आले आणि तिला जरा धीर आला. अवघड आहेत, म्हणजे आपण अजून तरंगतोय. आणि तेविसाव्याला पुन्हा एक बाळबोध बेरीज! दुसरा. चोविसाव्याला तिसरा. तिथे तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. संपलं सगळं. उठून जावंसं वाटलं. पण शीतगृहातली सवय अशी, की विजेने दगा दिला तरी दार उघडं टाकून जायचं नाही, असेल तेवढा गारवा आत धरून ठेवायचा. दातओठ खात ती बसून राहिली. तिसाव्याला चौथा सोपा आला. त्यावर तर तिने विचारच केला नाही. वेळ संपत आली होती, शेवटची तीन उत्तरं तिने प्रश्न न वाचताच दाबली आणि पडदा पांढरा झाला.

मग तो प्रश्न आला. वर उलटं धावणारं घड्याळ, दोन मिनिटांचं. डावीकडे लाल चौकोन: रद्द करा. उजवीकडे हिरवा: गुण ठेवा. खाली बारीक ओळ: दोन मिनिटांत काहीच न निवडल्यास परीक्षा रद्द समजली जाईल.

सगळं दादाने सांगितलं होतं तसंच, तंतोतंत. लाल कुठे, हिरवा कुठे, घड्याळाचे आकडे शेवटच्या दहा सेकंदांत लाल होतात, सगळं. अकरा वर्षं झाली तरी त्याला त्या पडद्याचा कोपरा न् कोपरा पाठ होता.

तिचं बोट लालकडे गेलं. चार सोपे आले, आता विचार कसला? रद्द करावं, बाहेर जावं, पुढच्या वर्षी बघावं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एक मिनिट दहा सेकंद.

आणि तिला आठवलं. मागच्याच महिन्यात तिने विचारलं होतं, "दादा, हिरवा दाबल्यावर पुढे काय दिसतं? गुण मोठ्या अक्षरात येतात की छोट्या?" दादा खडू शोधायला लागला होता. "येतात गं गुण. त्यात काय सांगायचं?" खडू त्याच्या हातातच होता.

ज्याने या पडद्याचा कण न् कण सांगितला, त्याने पुढच्या पडद्याचं अवाक्षर काढलं नव्हतं. कसं काढणार? त्याने तो पाहिलाच नव्हता!

थोडक्यात हुकलं म्हणे. हुकलं कुठे, लाल दाबल्यावर कोणाला ठाऊक होतं हुकलं की नाही? "पुढच्या वर्षी बघू" म्हणत त्याने अकरा वर्षं दुसऱ्यांची मुलं पार केली आणि स्वतः पुन्हा त्या खुर्चीत बसला नाही. तिला वाईट गुणांची भीती वाटतच होती, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठी भीती आता समोर बसली होती. ती होती दादासारखं होण्याची.

आकडे लाल झाले. नऊ. आठ. डोळे मिटून तिने हिरवा दाबला.

बाहेर जिन्याच्या पायरीवर दादा चहाचा थर्मास घेऊन बसला होता. सकाळपासून तिथेच होता. तिला पाहताच उठला. कशी गेली, हे विचारलंच नाही.

"किती सोपे आले?"

"चार."

त्याचा चेहरा उतरला, पण लगेच सावरून तो तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. "असू दे, असू दे. रद्द केलंस ना? शहाणी माझी. अगं, पुढच्या वर्षी आपण..."

तिने कागद पुढे केला. गुण अगदी छोट्या अक्षरात होते. सहाशे नव्वद.

दादा ओरडलाच. जिन्यावरची माणसं वळून बघायला लागली. त्याने तिला गदागदा हलवलं, थर्मासचं झाकण घरंगळत खाली गेलं, "चिंगे, चिंगे, अगं मारलंस की मैदान!" आणि हसता हसता त्याने कागद पुन्हा वाचला. मग खालची बारीक ओळ वाचली: काही नवे प्रश्न केवळ पारखून पाहण्यासाठी घातलेले असतात, ते गुणांत धरले जात नाहीत. ही ओळ त्याला माहीत नव्हती असं नाही. दर वर्षी तो ती मुलांना वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, त्यावर विसंबू नका.

तो हळूच पायरीवर बसला. कागदाची घडी घालायला गेला, ती नीट पडेना. धाकटी शेजारी बसली. त्याच्याकडे बघायची तिला भीती वाटत होती, आत संगणकासमोर वाटली नव्हती एवढी.

"चार आले तुला," तो म्हणाला.

"हो."

"चार येऊन सहाशे नव्वद."

तिने थर्मास उचलून मांडीवर घेतला.

"मला तीनच आले होते गं," दादा म्हणाला.