गुलाबी नायलॉन आणि कृष्णवेणीबाईंचे वय

मी एक जुनी साडी आहे. १९६१ साली माझ्यामुळे मद्रास शहरातली समस्त कुलीनता धोक्यात आली होती. घाबरू नका, मित्रांनो. मी नुसती गुलाबी होते. वर पांढरी फुले.

गिरणीतल्या जन्मात सांगण्यासारखे काही नाही. खरे आयुष्य पाँडी बाजारातल्या दुकानात सुरू झाले. एग्मोरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या कृष्णवेणीबाईंनी मला उजेडात धरून पाहिले. वय शेहेचाळीस.

"मुलीला का, अम्मा?" दुकानदाराने विचारले.

"मला."

त्याने लगेच माझ्यावर एक मातकट साडी टाकली. "मग ही घ्या. वयाला शोभेल."

बाईंनी मलाच घेतले.

त्या मला नेसून वर्गावर गेल्या, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलींनीही तासभर फळ्याकडे पाहिले. माझे सार्वजनिक यश एवढेच. घरी थोरली नणंद त्रिपुरसुंदरी दारातच उभी होती.

"रामा रामा! लेक उजवलीस, उद्या आजी होशील, आणि हे काय गं सोंग?"

"साडी आहे, आक्का."

"दिसतेय. पलीकडचंसुद्धा दिसतंय. वय विसरलीस काय?"

"तुम्ही विसरू द्याल तर ना!"

बाईंचे यजमान सेतुमाधव तिथेच बसले होते. वय बावन्न, केसांना कलप, अंगात पोपट छापलेला बुशशर्ट. ते म्हणाले, "आक्का म्हणते तर राहू दे की. लोक हसतील." पोपटांचा विषय निघाला नाही.

नवरात्र आले. घरात कोलू मांडायचा, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या. संध्याकाळी ओळखीच्या बायका पाहायला येणार, त्यांत लेकीची सासूही. बाईंनी ठरवले, आज हीच नेसायची. मला पलंगावर काढून ठेवून त्या शाळेत गेल्या. परतल्या तेव्हा मला पदर नव्हता. कोलूत लाल लाकडाची नवरानवरी असते आणि नवरीला दरसाल नवे वस्त्र लागते. आक्कांनी कात्री चालवली होती.

बाईंनी कपाटातली करडी साडी नेसली आणि आल्यागेल्यांना हरभऱ्याचे सुंडल, म्हणजे प्रसादाची उसळ, वाटू लागल्या.

"अय्यो, काय खुलतोय हिला गुलाबी!" लेकीची सासू बाहुलीकडे पाहून म्हणाली. "बाहुली जुनी दिसते."

"माझ्या पणजीच्या लग्नातली," आक्का अभिमानाने म्हणाल्या.

"मग हिला कुणी मातकट का नाही नेसवलं?" कृष्णवेणीबाईंनी विचारले.

लेकीच्या सासूबाईंनी सुंडल चांगले झाल्याचे सांगितले.

मित्रांनो, लाकडाच्या बाईला जे शोभते, ते हाडामांसाच्या बाईला शोभत नाही, हा न्याय कुठला? साड्यांत डांबराच्या गोळ्या जरूर घाला. पण बाईने काय नेसावे ते तिचे तिला ठरवू द्या, आणि घरातल्या कात्रीवर लक्ष ठेवा. माझा राग अजून गेलेला नाही.

उरलेली मी सध्या रेडिओवर पसरलेली असते. नायलॉन असल्यामुळे सारखी घसरते.