फ्लशच्या टाकीत नीळ

नव्या घरात राहायला येऊन अकरा महिने झाले होते आणि सासऱ्यांच्या बाथरूमची फरशी पाचव्या महिन्यापासून रोज ओली. कमोडच्या डाव्या अंगाला, ताटाएवढी ओल. पुसली की दोन तासांनी पुन्हा हजर. वासही यायचा.

सासरे ब्याऐंशी वर्षांचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली; तेलाचा थेंब सुईच्या टोकावर घेऊन नेमक्या चाकावर सोडणारा माणूस. पण वय ऐंशीच्या पुढे गेलं की घरात कुणी काही बोलत नाही आणि तरी सगळ्यांचं एकमत होतं. माझंही झालं. मी मोठ्यांच्या डायपरचं पाकीट आणलं आणि न बोलता त्यांच्या कपाटात ठेवलं. तेही काही बोलले नाहीत. फक्त दुपारी चारनंतरचा चहा बंद केला, मग पाणीही. विचारलं तर म्हणाले, "तहानच लागत नाही."

कंत्राटदाराला फोन केला होता. त्याने प्लंबर पाठवला. प्लंबरने दोनदा फ्लश ओढला आणि कुठेही न वाकता कागदावर लिहिलं : 'नळकाम ठीक. वापराचा दोष.' नाचता येईना अंगण वाकडं! तो कागद सासऱ्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी घालून मला परत दिला. त्या दिवसापासून ते बाथरूमचं दार लावून फरशी स्वतः पुसायला लागले. वाकताना त्यांचं कण्हणं बाहेर ऐकू यायचं.

मला राग आला. उशिरा आला, हे कबूल. करारनामा काढून बसले. सोळावं कलम असं होतं : ताबा दिल्यापासून वर्षभरात कामात दोष निघाला तर कंत्राटदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा. वापराचा दोष असेल तर मात्र नाही, आणि मध्येच दुसऱ्या कुणी काम उघडलं तरी नाही. नवरा तर हातोडी घेऊन तयारच होता. "दुसरा प्लंबर बोलावू, फरशी फोडू, विषय संपला."

"फोडलीस तर आपला हक्कच जाईल," मी म्हटलं. "त्या कंत्राटदाराच्या डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे."

"काय दिसलं पाहिजे?"

तेच तर कळत नव्हतं. ओल कुठून येते हे पाणी थोडंच सांगतं? दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे भिजवत होते, हातात निळीची बाटली होती, आणि एकदम वाटलं, पाण्याला रंग नसेना का, देता तर येतो.

न विचारता पाकीट ठेवलं होतं. या वेळी विचारलं. "बाबा, एक प्रयोग करायचाय. तुमची बाथरूम लागेल."

ते लगेच उठले. "मग वेळ मोजायला हवी," म्हणत मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं.

फरशी कोरडी केली, टाकीत नीळ ओतली, फ्लश ओढला आणि आम्ही दोघं दारात स्टुलं टाकून बसलो. पाच मिनिटं, काही नाही. सातव्या मिनिटाला मला वाटलं, फसलं. सासऱ्यांकडे बघायची हिंमत होईना. नवव्या मिनिटाला कमोडच्या डावीकडे दोन फरश्यांच्या सांध्यातून एक निळा थेंब वर आला. मग दुसरा.

"पुन्हा," सासरे म्हणाले.

आम्ही तीनदा केलं. तिन्ही वेळा नऊ मिनिटं. सहा महिने आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो.

कंत्राटदाराला लेखी नोटीस गेली, कलमाच्या आकड्यासकट, निळ्या फोटोंसकट. गुरुवारी पाच वाजता तो प्लंबरला घेऊन आला. "वहिनी, कसं आहे, एकदा वय झालं की..." त्याने सुरुवात केली. मी त्याला स्टूल दिलं, निळीची बाटली टाकीत रिकामी केली आणि फ्लश ओढला. तो मोबाइल बघत बसला. सासरे घड्याळ बघत बसले.

"आता," सासरे म्हणाले, आणि नीळ वर आली.

प्लंबर या वेळी गुडघ्यांवर बसला. सांध्यावर बोट फिरवून हळूच म्हणाला, "साहेब, खाली पाइपाच्या तोंडाला रबर बसवायचं राहिलेलं दिसतंय."

"परवा उघडून बसवतो. खर्च आमचा," कंत्राटदार म्हणाला.

"लिहून द्या," मी म्हटलं, आणि तो जुना कागद पुढे केला. त्याने 'वापराचा दोष' खोडलं, 'कामाचा दोष' लिहिलं, सही केली.

सासरे उठून खोलीत गेले आणि कपाटातलं पाकीट घेऊन आले. न फोडलेलं. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. त्यांनी ते कंत्राटदाराच्या हातात ठेवलं.

"परवापर्यंत त्या सांध्यावर लावून ठेवा," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या घरात कुणाला लागत नाही."

मग माझ्याकडे वळले. "साडेपाच झाले. चहा टाक गं, मोठा कप."

मी टाकला. कप हातात देताना माफी मागायला तोंड उघडलं.

"साखर विसरलीस," ते म्हणाले, आणि तसाच सगळा प्यायले.