डाव्या हाताची बाई

माझ्या नवऱ्याच्या कवितेवरचं चित्र मी एकटीनेच करायचं, असं मी गृहीत धरलं होतं. काय चुकलं? पोर्ट चामर्सच्या चढावरच्या घरात लॉकलनबरोबर मी जन्म काढला. त्याचे मोजे मी धुतले, त्याच्या कविता सगळ्यांच्या आधी मी ऐकल्या, त्याची आजारपणं मी काढली. पण तो गेल्यावर बंदरावरच्या आमच्या ठशांच्या कार्यशाळेतल्या बायकांनी ठरवलं की त्याच्या कवितांवर ठशांचा एक संच काढायचा, आणि एकेक चित्र दोघींनी मिळून करायचं. कार्यशाळा चालवणाऱ्या थोराने चिठ्ठ्या टाकल्या. दोरीवरच्या चादरीची कविता मला आली, आणि जोडीला आली वेल्डा.

'बरंच झालं की, एफी,' थोरा म्हणाली. 'तुम्ही जुन्या मैत्रिणी.'

मी चिठ्ठी चुरगळून खिशात कोंबली.

कविता छोटीच आहे. टेकडीवर एक बाई तिन्हीसांजेला चादर वाळत घालते, वारा ती ओढतो, आणि खालून बघणाऱ्याला हाक मारायचा धीर होत नाही. बाईचं नाव नाही त्यात. कशाला हवं? आमचं घर टेकडीवर आहे, मागे दोरी आहे. वेल्डाचंही घर टेकडीवरच आहे म्हणा. आमच्या गावात कोणाचं नाही?

आम्ही दोघींनी लिनोच्या, म्हणजे कोरून ठसा काढायच्या मऊ पाटीच्या, एकाच तुकड्यावर काम करायचं ठरवलं. आधी थोडं कोरून फिका रंग सगळ्या कागदांवर छापायचा. मग तोच तुकडा आणखी कोरायचा आणि त्याच कागदांवर गडद रंग चढवायचा. तुकड्यावरचं जे कोरून काढलं ते गेलं, पुन्हा चिकटवता येत नाही. त्यामुळे जोडीदारावर भरवसा लागतो. पिवळा रंग वेल्डाचा, निळा माझा.

तिचा रंग छापून झाल्यावर मी गेले, तर पिवळे कागद तारेवर वाळत होते. पिवळ्यात पांढऱ्या रेघांनी टेकडी, दोरी, चादर, बाई. कोरलं सुरेख होतं, ते नाकारत नाही, शिकवलं कोणी? मीच. पण चिमटा धरून वर गेलेला त्या बाईचा हात डावा होता.

ठसा आरशासारखा उलटा उमटतो. डावा हात हवा असेल तर तुकड्यावर उजवा काढायचा, उजवा हवा तर डावा. पहिल्याच दिवशी शिकवतात हे. मी उजव्या हाताची. वेल्डा डावरी.

'हात डावा आलाय,' मी म्हटलं.

वेल्डा चीझ रोलला लोणी फासत होती. डाव्या हाताने. 'अगं बाई, हो की. उलटा काढायला विसरले.'

'तू विसरलीस?'

'वय झालं, एफी. खा ना, गरम आहे.'

'दात दुखतोय म्हणत होतीस, आणि खातेस कशी?'

'तुझ्यासाठीच आणलेत,' ती म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मानेपर्यंत लाल झाली होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लॉकलन हिच्या घरची पन्हळ दुरुस्त करायला जायचा. दर हिवाळ्यात गळणारी ही कसली पन्हळ, असं मी एकदाही विचारलं नाही. हिच्या फालतू विनोदांवर तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचा. माझ्या विनोदावर म्हणायचा, 'छान.' आता तो मेल्यावर ही साळसूद बया माझ्या कवितेत, माझ्या दोरीखाली येऊन उभी राहिली होती.

दुपारी ती दात काढून घ्यायला गेली. मी तुकडा पुढ्यात घेतला.

ठरलं होतं असं: समुद्रापलीकडच्या डोंगरावर उजेडाची एक पट्टी पिवळी ठेवायची, बाकी सगळं निळं. बाईसुद्धा निळी, नुसत्या रेघांनी ओळखू येणारी. मी पट्टी कोरली. मग पातं बाईकडे वळवलं आणि तिला मुळासकट खरवडून काढली. डोकं, पदर सोडल्यासारखा उडणारा स्कार्फ, तो हात, सगळं. लिनोच्या सालपटांचा ढीग झाला. इतकं बरं तर मला लॉकलन गेल्यापासून वाटलं नव्हतं.

निळी शाई लावली, पहिला कागद प्रेसमधून काढला, उचलला.

टेकडी काळोखी निळी. समुद्र निळा. आणि मधोमध बाई, पिवळीधमक, दिवा लावल्यासारखी.

जिथे तुकडा कोरलेला, तिथे शाई लागत नाही. शाई लागली नाही की खालचा रंग तसाच राहतो. आख्खं आयुष्य हेच काम केलं मी, पोरीबाळींना शिकवलं, आणि रागाच्या भरात हाताला तेवढंच आठवलं नाही. तिला पुसायची होती, तर तशीच ठेवून तिच्यावर निळा चढवायला हवा होता. आता तुकड्यावर ती नव्हतीच. कशावर चढवणार?

कागद चुरगळावा म्हणून मुठीत धरला, तोच वेल्डा आली. गाल सुजलेला, तोंड बधिर. माझ्या हातातल्या कागदाकडे बघत ती दारातच थांबली.

'एफी,' ती म्हणाली. शब्द जड येत होते. 'तू तिला उजेडात ठेवलंस.'

मी कागद प्रेसवर ठेवला.

'हात मी मुद्दाम तसा काढला होता. तुला कळेल आणि तू माझं तोंड बघणार नाहीस, या भीतीने आठवडाभर झोपले नाही गं. तो नेहमी म्हणायचा, एफीला समजलं तरी ती समजून घेईल. मनाने मोठी आहे ती.'

म्हणजे ही दोघं माझ्याबद्दल बोलायची. त्या पन्हळीखाली बसून.

तिने माझा शाईने बरबटलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि रडायला लागली. तेवढ्यात थोरा आली, कागद बघून म्हणाली, 'संचातलं सगळ्यात चांगलं हेच. एफी, ही तूच ना गं?'

वेल्डा माझ्याकडे बघत राहिली.

'हो,' मी म्हटलं, आणि पुढच्या कागदासाठी शाई लावायला घेतली.