जेलमधली लेक

"बाबा, नाक मागे घ्या. पडद्यावर वाफ धरतेय."

"मग दिसायचं कसं? एकच डोळा उरलाय, तोही उद्या कापणार," बाबा म्हणाले आणि नाक होतं तिथंच ठेवलं.

प्रयोगशाळेतल्या त्या काळोख्या खोलीत लेक गेली वीस वर्षं सूक्ष्मदर्शकापाशी बसत होती. घरी एकदा "मी जेलमध्ये डीएनए पळवते" असं सांगून तिनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. बाबा निवृत्त बसड्रायव्हर. त्यांनी तेवढं 'जेल' ऐकलं. तेव्हापासून नातेवाइकांत ती तुरुंगात नोकरीला होती. एका मावसभावानं तर "आमच्या मेव्हण्याला आत जरा बरी कोठडी मिळेल का," असं फोन करून विचारलं होतं. पण उद्याच्या ऑपरेशनचा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि बाबांनी हट्टच धरला, "तुझं काम एकदा बघू दे."

तिनं काचेवरच्या जेलला वीज जोडली, सूक्ष्मदर्शकाचा निळा उजेड सोडला. काळ्या पडद्यावर हिरवट धागे उमटले आणि एका बाजूला सरकू लागले.

"जिवंत आहेत?"

"नाही हो. डीएनएचे रेणू आहेत. रंग लावलाय म्हणून चमकतात. जेल म्हणजे घट्ट खळ समजा, आत बारीक जाळं. वीज ओढते तसे त्यातून वाट काढतात."

"म्हणजे वाहतूक!" बाबा सावरून बसले. "ते लांबडं बघ, जोडबस! वळतंय... वळतंय... अडकलं!"

धाग्याचा मधला भाग जाळ्यात अडकून दोन्ही टोकं पुढे लोंबत होती.

"रिव्हर्स घे, लेका!" बाबा धाग्यावर ओरडले.

"त्याला रिव्हर्स नसतो, बाबा. लांब टोक आखूड टोक ओढून नेईल."

"मग कंडक्टर काय करतोय?"

ती खो-खो हसत सुटली. प्रयोगशाळेच्या साहेबांनी बाहेरून दार वाजवलं. "सगळं ठीक ना?"

"ट्रॅफिक जाम आहे!" बाबांनी आतून कळवलं.

हळूहळू लांब टोक सरकलं, आखूड टोक मागे खेचलं गेलं आणि धागा सुटला. बाबांनी टाळी वाजवली. तेवढ्यात शेजारचा धागा मधोमध तुटला. मग आणखी एक.

"अगं, अपघात!"

"अपघात नाही. या उजेडानंच तुटतात ते. जितकं बघू, तितके तुटणार. म्हणून आम्ही उजेड लगेच बंद करतो."

"मग आत्ता का नाही केलास?"

तिनं बटणावर बोट ठेवलं. "तुम्ही बघत होतात."

बाबांनी सगळा पडदा एकदा या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहून घेतला.

"बंद कर," ते म्हणाले. "माझ्यापायी कशाला त्यांची मोडतोड."

ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, पण नजर आली नाही. खिडकी कुठल्या बाजूला आहे, एवढंच कळे. आत्या भेटायला आली. काय बोलावं ते तिला सुचेना, म्हणून म्हणाली, "दादा, पोरीचं काम बघून आलास म्हणे. करते तरी काय ही?"

"थांब, दाखवतो."

बाबांनी चादरीवर बोट ठेवलं. ते लांबवलं, आखडलं, पुन्हा लांबवलं. एका चुणीपाशी बोट थांबलं.

"आता?" आत्यानं विचारलं.

"घाई नको. अडकलंय. सुटेल आपलं आपण."

आत्या पुढे झुकली. मग ती आणि लेक, दोघीही श्वास रोखून त्या बोटाकडे बघत राहिल्या.