पत्र्याचा आवाज

गिटारचे अँप, म्हणजे अँप्लिफायर, दुरुस्त करणारे मिस्त्री एकसष्ट वर्षांचे होते आणि जगातल्या बहुतेक नामवंत गिटारवाल्यांचा आवाज त्यांना आवडत नसे. वाजवणं नव्हे, आवाज. हा फरक ते प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्याने समजावून सांगत. बोटं कशी चालतात याबद्दल त्यांची कुणाविषयी तक्रार नव्हती. पण तारेतून निघालेला सूर अँपमधून बाहेर पडेपर्यंत हे लोक त्याचं काय करून ठेवतात, यावर त्यांचं डोकं फिरायचं. मैदानंच्या मैदानं भरवणाऱ्या एका रॉकवाल्याचा आवाज म्हणजे डब्यात कोंडलेली माशी. मेटलवाल्यांमध्ये ज्याला देव मानतात, त्याचा म्हणजे भिंतीत अडकलेलं ड्रिल. आणि ज्याच्या पोस्टरशिवाय एकही सरावाची खोली सापडायची नाही, त्या लांब केसांच्या बुवाचं नाव निघालं की मिस्त्री हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवत आणि म्हणत, "हात सोन्याचे, आवाज पत्र्याचा."

गिऱ्हाइकांना याची मजा वाटे. काही जण तर मुद्दाम खोडी काढत. दुकान लहानसं होतं, एका इमारतीच्या तळमजल्यावर. आत एक लांब टेबल, भिंतीला लावलेले पेचकस, अँपच्या काचेच्या व्हॉल्व्हचे खोके आणि कोपऱ्यात चाचणीची जुनी गिटार, जिच्या मानेचा रंग अंगठ्याखाली पार उडाला होता. दुरुस्त झालेल्या प्रत्येक अँपला मिस्त्री ती जोडत आणि तीनच गोष्टी वाजवत: सगळ्या तारांवरची एक भरघोस कॉर्ड, बारीक तारेवरची एक संथ फिरत आणि एक सूर, तो आपला आपण विरेपर्यंत. मग चेहरा वाकडा करून एखादं बटण केसभर मागे घेत. त्यांच्या हाताखालून गेलेला अँप कानाला कधी टोचत नाही, अशी ख्याती होती, आणि ती खरी होती.

या आवडीनिवडीपायी घरात मात्र एक गोष्ट बिघडली होती. मिस्त्रींचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता आणि हौसेने गिटार वाजवायचा. नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला सगळे मिस्त्रींच्या घरी जमले होते. मेहुण्याने दोन वर्षं मन मारून पैसे साठवून त्या लांब केसांच्या बुवाच्या नावाची गिटार आणि तसलाच अँप आणला होता. आईसाठी म्हणून त्याने ती सगळ्यांसमोर वाजवली. लोक टाळ्या वाजवत होते, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कुणीतरी मिस्त्रींना विचारलं, काय मिस्त्री, कसं काय? मिस्त्री म्हणाले, "आधी कोणीतरी तो मिक्सर बंद करा."

सगळी खोली हसली. मेहुण्याने वायर गुंडाळली, गिटार पेटीत ठेवली, आईच्या पाया पडला आणि निघून गेला. त्यानंतर तो या घरात आला नाही. ताईला फोन करायचा, आईकडे तिला भेटायचा, पण तिच्या उंबऱ्यावर पाय नाही. मिस्त्रींचं म्हणणं ठरलेलं होतं: मी त्याला कुठे काय बोललो, आवाजाला बोललो. बायको पहिली दोन वर्षं भांडली, मग तिने तो विषयच सोडून दिला.

यंदा उन्हाळा सुरू होता होता एक विचित्र गोष्ट झाली. एक गिऱ्हाईक दुकानात बसलं होतं आणि त्याच्या फोनवर त्याच लांब केसांच्या बुवाचं रेकॉर्डिंग लागलं होतं. मिस्त्री सवयीने तोंड वाकडं करायच्या तयारीत होते. पण तोंड वाकडं होईना. आवाज गोल होता, मऊ होता, उबदार होता. त्यांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. गिऱ्हाईक चक्रावून गेलं.

दुपारी दुकानाचं शटर ओढून ते घरी आले आणि कपाटातल्या रेकॉर्डी काढून बसले. डब्यातली माशी आता डब्यात नव्हती. ड्रिलसुद्धा जरा दूरच्या इमारतीत चालू असल्यासारखं वाटलं. मिस्त्रींनी खूप विचार केला आणि त्यांना एकच उत्तर सापडलं: माणूस वयाने निवळतो. तरुणपणी आपण फार ताठ होतो. जेवताना त्यांनी हे बायकोला सांगितलं. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "तुझ्या धाकट्याकडे जाऊन यावं म्हणतो. त्याचंच बरोबर होतं."

बायकोने तोंड मिटलं आणि त्यांना आणखी वाढलं.

मेहुणा पाचव्या मजल्यावर एकटाच राहत असे. दार त्यानेच उघडलं. मिस्त्री वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. ते एवढंच म्हणाले की, मी परवा त्या बुवाची रेकॉर्ड पुन्हा ऐकली, आवाज चांगला आहे, मी चुकलो. नऊ वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं चपला काढायच्या आधीच हातात पडल्यावर मेहुण्याला काय करावं कळेना. त्याने पाणी आणलं. मग चहा केला. मग गिटार काढली. मिस्त्री डोळे मिटून ऐकत राहिले आणि खरोखर त्यांना ते आवडलं. पुढच्या रविवारी मेहुणा ताईकडे जेवायला आला. त्या दिवशी ताईने इतके पदार्थ केले की टेबलावर पाण्याचा जग ठेवायला जागा उरली नाही.

महिनाभर सगळं छान चाललं. मग अँप परत येऊ लागले.

पहिला गणिताच्या एका मास्तरांचा. ते भिडस्त होते. बहुतेक माझ्याच खोलीचा दोष असेल, म्हणाले, पण जरा टोचतोय. मिस्त्रींनी वाजवून पाहिलं, काही टोचलं नाही. दुसरा आला, तिसरा आला. मिस्त्री चिडले. लोकांचे कान बिघडलेत, असं ते बायकोला म्हणाले. बायको भांडी लावत राहिली.

चौथा अँप दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. या बाई दिवसभर दवाखान्यात दाढा कोरत आणि संध्याकाळी तीन मैत्रिणींबरोबर कडक मेटल वाजवत. भीड त्यांना ठाऊकच नव्हती. त्यांनी अँप टेबलावर ठेवला, चाचणीची गिटार स्वतःच उचलली, बारीक तारेवर एक सूर ओढला आणि मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

"हे तुम्हाला टोचत नाही?"

"काय टोचायचंय त्यात?"

"मिस्त्री, हा आवाज मी सकाळपासून ऐकते. दात कोरायच्या मशीनचा आहे हा. मी दर वर्षी कान तपासून घेते, त्या मशीनमुळेच. तुम्ही शेवटचे कधी तपासलेत?"

मिस्त्रींनी कधीच तपासले नव्हते. बाईंनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला आणि अँप तिथेच सोडून गेल्या.

तपासणीची खोली कपाटाएवढी होती. कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. सुरुवातीला मिस्त्री भराभर दाबत होते. मग मध्ये मोठा वेळ गेला. त्यांना वाटलं, मशीन बंद पडलं. त्यांनी काचेतून पाहिलं तर तपासणारी मुलगी मशीनवर काहीतरी फिरवत होती आणि त्यांच्याकडे पाहत होती.

तिने नंतर कागद समोर ठेवला. डावीकडून रेघ सरळ आली होती आणि मधोमध येऊन जिन्यावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. दोन्ही कानांची तशीच. चाळीस वर्षं अँपच्या तोंडाशी बसून काम केल्यावर असं होतं, ती म्हणाली; जाड आवाज शाबूत आहेत, बारीक आवाज बरेच गेले आहेत, हळूहळू जातात म्हणून कळत नाही. मिस्त्रींना तो कागद वाचायला कुणाची मदत लागली नसती. असल्या रेघा ते अँपच्या काढत आले होते. कुणीतरी त्यांच्या डोक्यातलं बारीक सुरांचं, ट्रेबलचं बटण पार मागे फिरवून ठेवलं होतं. आणि मग बाहेर रस्त्यावर, सिग्नलपाशी उभे असताना त्यांच्या लक्षात आलं की ते निवळलेबिवळले काही नव्हते. आवाज मुळीच बदलला नव्हता. त्यातलं जे त्यांना खुपायचं, ते त्यांच्यापर्यंत पोचायचंच थांबलं होतं.

घरी त्यांनी कागद बायकोपुढे ठेवला. तिने तो उचललासुद्धा नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. दारावरची बेल तुम्हाला ऐकू येत नव्हती. त्या दिवशी जेवताना सांगणारच होते. पण तुम्ही म्हणालात, धाकट्याकडे जातो."

"मग?"

"मग काय. माझा भाऊ नऊ वर्षांनी घरी यायचा होता. बसले गप्प."

मिस्त्रींना राग यायला हवा होता, पण तो धड येईना. बायकोने एवढंच मागितलं की त्याला हे सांगू नका. कानाला मशीन लावा, काय हवं ते करा, पण त्याच्यासमोर आवाज चांगला म्हणा. आयुष्यात एकदा खोटं बोललात तर काही बिघडत नाही. मिस्त्रींनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

कानातली मशीनं आली. पहिला आठवडा वाईट गेला. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाडल्यासारखं होई. नळ, चमचे, स्वतःच्या चपला, सगळं अंगावर येत होतं. बायकोचा आवाज मात्र त्यांना एकदम ओळखीचा वाटला. आपण तो विसरलो होतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं होतं की महिनाभर कोणताही निकाल देऊ नका. मिस्त्रींनी तो नियम पाळला. महिन्याने त्यांनी त्या बुवाची रेकॉर्ड लावली. दोन मिनिटांत त्यांचा हात आपोआप बटणाकडे गेला. मशीन काढून ऐकलं: गोल, मऊ. लावून ऐकलं: पत्रा. मशीनचा स्वतःचाही थोडा कर्कशपणा त्यात असणार, हे त्यांना कळत होतं. पण आपली जुनी नावड ते अंधारातही ओळखू शकले असते. त्यांना बरं वाटलं, आणि लगेच मेहुण्याची आठवण होऊन वाईटही वाटलं.

रविवारी मेहुणा गिटार घेऊनच आला. ताईने हट्ट केला म्हणून जेवणाआधी वाजवायला बसला. ती स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी राहिली आणि नवऱ्याकडे एकटक पाहू लागली. मिस्त्रींनी पूर्ण ऐकलं. मेहुण्याने शेवटचा सूर हाताने थांबवला आणि विचारलं, "कसं वाटलं, भाऊजी?"

मिस्त्रींनी उजव्या कानातलं मशीन काढून तळहातावर ठेवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं: चौथा अँप, कपाटाएवढी खोली, घसरलेली रेघ. त्या दिवशी तुझ्या घरी मी खोटं बोललो नव्हतो, म्हणाले, मला खरंच आवडलं होतं. पण ते माझ्या कानांमुळे. आता पुन्हा आवडत नाही.

मेहुण्याने वाकून ते एवढंसं मशीन पाहिलं. बायको आत गेली.

"म्हणजे आवाज वाईटच," मेहुणा म्हणाला.

"वाईटच."

"आणि मी?"

"तुझा हात चांगला आहे. तेव्हाही होता. आईसाठी वाजवलंस ना, त्यात मधला तो संथ भाग, तो मला अजून आठवतो."

"मग तेव्हा ते का नाही सांगितलंत?"

मिस्त्रींनी मशीन पुन्हा कानात घातलं. चाळीस वर्षं ते लोकांना हात वेगळा आणि आवाज वेगळा म्हणून समजावत आले होते, आणि घरच्याच माणसाला अर्धंच सांगितलं होतं, तेही चारचौघांत, हशा पिकवायला. "सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "ते मिक्सरचं बोलायला नको होतं. त्यात कानांचा काही दोष नाही."

मेहुण्याने वायर काढली आणि गुंडाळायला घेतली. मिस्त्रींना वाटलं, आता हा निघाला. त्याने ती नीट गुंडाळली, अँपवर ठेवली आणि आत पाहून विचारलं, "ताई, वाढतेस ना?"

जेवण झालं. निघताना मेहुण्याने चौकशी केली की ते टोचणारे चार अँप आता कुठे आहेत. दुकानातच, मिस्त्री म्हणाले. मशीन लावून मी त्यांची डागडुजी करू शकतो, पण वरच्या सुरांबद्दल मशीनवर माझा भरवसा नाही. मेहुण्याला गुरुवारी सुट्टी असायची. दिवसभर लिफ्टच्या चाकांची कुरकुर ऐकून ऐकून त्याचे कान तयार झाले होते. गुरुवारी तो दुकानात आला.

मिस्त्रींनी व्हॉल्व्ह आणि जोड पाहिले, मेहुण्याने वाजवून वरचे सूर ऐकले, आणि प्रत्येक अँपवर दोघांची वादावादी झाली. मास्तरांच्या अँपवर मेहुण्याने मिस्त्रींना हवं होतं त्याहून जरा जास्त धार ठेवली आणि मागे हटला नाही. मास्तर घरी वाजवून पाहून दुसऱ्या दिवशी सांगत आले की आता छान आहे. मिस्त्री म्हणाले, असेल.

डॉक्टरीणबाई दवाखाना संपवून आल्या, तेव्हा दोघेही टेबलाशी होते. त्यांनी अँप लावला, बारीक तारेवर एक सूर ओढला, मग मोठी कॉर्ड मारली. दोघे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. बाईंनी मान हलवली. दात कोरायचं मशीन गेलं, म्हणाल्या. मग त्यांनी वाकून ट्रेबलचं बटण स्वतःच्या हाताने अर्धा काटा पुढे केलं, पुन्हा वाजवलं, समाधानाने वायर काढली आणि अँप उचलून गेल्या. मिस्त्रींनी सवयीने चेहरा वाकडा केला, आणि मेहुण्याने पुढचा अँप टेबलावर ओढला.